लेहच्या वाटेवरचं ऑइल

पुण्याहून मनालीमार्गे लेह, तिथून नुब्रा आणि पँगाँग, परतताना श्रीनगर. किलोमीटर मांडले की आकडा साडेपाच-सहा हजारांच्या घरात जातो. बऱ्याच मोटरसायकलींची ऑइल बदलायची वेळ याच प्रवासात कुठेतरी येते आणि निघायच्या गडबडीत नेमका हाच हिशेब राहून जातो. माझ्या लेखी तो टायर आणि ब्रेकइतकाच आधी व्हायला हवा.

मोटारीत इंजिनाचं ऑइल इंजिनापुरतंच असतं. आपल्या बहुतेक दुचाकींत तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लचप्लेटा अशा तिघांना सांभाळतं. (ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असे.) गिअरच्या दात्यांत चिरडून त्यातले लांबट रेणू तुटतात आणि ऑइल पातळ होत जातं. म्हणून वाटेत मिळालं तसं मोटारीचं ऑइल ओतू नये. त्यात घर्षण कमी करणारे पदार्थ असले तर क्लच घसरतो. चढावर इंजिन ओरडत राहतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ बघावं आणि पुस्तिकेतलाच ग्रेड घ्यावा. 15डब्ल्यू-50 मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. लेहच्या पहाटे पहिल्या स्टार्टला याचा फरक कानाला कळतो.

किलोमीटर सगळे सारखे नसतात. हायवेवर एका लयीत चालणारं इंजिन ऑइलला फारसं छळत नाही, उलट त्यातला ओलावा उडून जातो. खरी परीक्षा घाटात. बारालाचा ला, टांगलांग ला असे पाच हजार मीटरच्या आसपासचे चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराच मिळत नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर विरळ हवेत न जळलेलं पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून हजारभर किलोमीटर शिल्लक दिसत असले तरी मी डोंगर लागायच्या आत, मनालीतच ऑइल बदलतो. नाला ओलांडताना इंजिनात पाणी गेलं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागलं, तर मात्र तिथेच थांबायचं. तसं इंजिन पुढे दामटू नये.

काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन कोमट करून गाडी मेनस्टँडवर घ्यायची, खाली पसरट भांडं ठेवायचं, ड्रेन बोल्ट सोडायचा. बोल्टवर लोखंडाचे बारीक कण दिसतात का, ते बोट फिरवून बघायचं. जाळी पुसायची, फिल्टर बदलायचा. घरून आणायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ड्रेन बोल्टचा नवा वायसर. वजन काहीच नाही आणि वाटेत हमखास मिळत नाही. बोल्टचे पहिले आटे हातानेच बसवावेत. एकदा हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये लांब पान्याने बोल्ट आवळून दिला आणि केसिंगचे आटे गेले. ॲल्युमिनियम लोखंडापुढे टिकत नाही. पुढचे दोनशे किलोमीटर मी दर चहाला खाली वाकून थेंब मोजत होतो.

काढलेलं ऑइल मी रिकाम्या डब्यांत नरसाळ्याने परत भरतो आणि गॅरेजच्या पिंपात नेऊन देतो. आपल्याकडे जळकं ऑइल वाळवीसाठी लाकडाला, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. पण मनालीत ते जमिनीवर सांडलं तर पावसाबरोबर बियासमध्ये उतरतं. वापरलेलं ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. ते गोळा करण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून नियमानेच उत्पादकांवर आली आहे. पिंपापर्यंत पोहोचवणं तेवढं आपल्या हातात राहतं.

नवं ऑइल भरून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करून थोडं थांबायचं, मग पातळी पुन्हा बघायची. रात्री इंजिनाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवायचा. पहाटे टॉर्चच्या उजेडात तो कोरडा दिसला की बॅगा बांधायला घ्यायच्या.