आवाज मोठा, पण बोलणं कळंना

सोयाबीनचा पैसा हातात आला की खटकचिंचोळीत आणि आसपासच्या गावांत त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. आधी उसनवारी फिटते, मग खत-बियाणंवाल्याचं खातं मिटतं, आणि एवढं करून काही उरलं तर घरात एखादी वस्तू येते. अलीकडं बऱ्याच घरांत ती वस्तू म्हणजे होम थिएटर. भालकीहून, हुमनाबादहून, नाहीतर थेट उदगीरहून आणलेलं एक मोठं खोकं. त्यात पाच लहान डबे आणि एक मोठा वूफर. पहिल्या दिवशी सगळी गल्ली ऐकायला येते. मारामारीचा पिक्चर लागतो, खिडकीची तावदानं थरथरतात, पोरं खूश.

पंधरा दिवसांनी त्याच घरात तक्रार सुरू होते. वेगवेगळ्या घरांतली मंडळी बोलतात वेगवेगळं, पण मुद्दा एकच. “आवाज लई मोठा हाय बगा, पण बोलणं कळंना.” मालिका लावली की पार्श्वसंगीत धो-धो आणि माणसं काय बोलतात ते तोंडात पुटपुटल्यासारखं. मग रिमोटवर आवाज वाढवायचा, तेवढ्यात जाहिरात लागते, की परत कमी करायचा. एका घरात तर आजी टीव्हीपुढून उठून आत जाऊन बसायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, “मला काई समजत नाई बाबा, तुमचं चालू द्या.” घरच्यांना वाटलं, आजींना आता ऐकूच येत नाही. पण दुपारी ओट्यावर बसून त्याच आजी शेजारणीशी तासभर गप्पा मारत होत्या.

हा प्रकार का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. वाङ्मय मंडळाच्या अंकात स्पीकरचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण घरात शब्द ऐकू येतो की नुसता आवाज ऐकू येतो, हा प्रश्न भाषेचाच आहे.

आधी ते पाच डबे कशासाठी असतात ते पाहू. दोन कानांना दोन बाजूंनी वेगळा आवाज दिला की मधली जागा भरल्यासारखी वाटते, ही स्टिरिओची कल्पना. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडं १९७५ च्या ‘शोले’च्या ७० एमएम प्रतींत स्टिरिओफोनिक आवाज होता. पुढं १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं आणि ‘५.१’ हा आकडा हळूहळू घरापर्यंत पोचला. पाच म्हणजे समोर डावा, समोर उजवा, मधला आणि मागचे दोन. पॉइंट एक म्हणजे फक्त खालच्या सुराची धमधम देणारा वूफर. थिएटरात मधला स्पीकर पडद्याच्या मागं असतो आणि संवाद बहुतेक त्याच्यातूनच येतात. त्यामुळं तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला तरी बोलणं पडद्यावरच्या तोंडातूनच आल्यासारखं वाटतं.

म्हणजे पाचांपैकी बोलणारा डबा मधला. आणि आपल्या घरांत सगळ्यात हाल त्याचेच. बाकीचे चार भिंतीला खिळे ठोकून लागतात, मधल्याला जागा उरत नाही म्हणून तो शोकेसमध्ये फोटोफ्रेमच्या मागं, नाहीतर टीव्हीच्या पाठीमागं जातो. एका घरात तो प्लास्टिकच्या फुलांच्या परडीत होता. दिसायला बरा वाटायचा. त्याला टीव्हीच्या खाली, काठाशी, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडं करून ठेवलं, तर निम्मं काम तिथंच होतं. पैसा एक लागत नाही.

दुसरी गोष्ट वायरीची. प्रत्येक डब्याला लाल आणि काळी अशा दोन तारा असतात. समोरच्या दोन डब्यांपैकी एकाच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. दोन्हीकडं सारखा असणारा आवाज मग एकमेकाला खातो, आणि दोन्हीकडं सारखं असतं ते नेमकं बोलणं आणि गाणाऱ्याचा गळा. संगीत पसरट वाजतं, माणूस पोकळ होतो. याच्याही पुढचा प्रकार टीव्हीकडून येणाऱ्या जॅकचा. ती अर्धवट बसली, किंवा तिच्यातली समाईक तार आतून तुटली, तर डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो. ढोलक, बासरी सगळं आहे आणि गायिका गायब! एका मामांनी यासाठी सेट दुकानात परत नेला होता. दुकानातल्या पोरानं जॅक दाबली आणि मामांना चहा पाजला.

आता वॅटचा घोळ. खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारो वॅट छापलेले असतात आणि त्यापुढं पीएमपीओ अशी अक्षरं. त्या आकड्याला कसलाच नियम नाही. क्षणभर, कागदावर, सगळं जमून आलं तर काय निघेल, त्याचा तो फुगवलेला हिशोब आहे. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत किती ताकद निघते त्याचा. तोही पटत नसेल तर वूफरच्या मागची पट्टी वाचा. विजेकडून ६० वॅट घेणारं यंत्र सतत पाच हजार वॅट बाहेर कुठून टाकणार? बोअरमधून येतं तेवढंच पाणी पाटात सुटतं. शिवाय ताकद दुप्पट केली तरी कानाला आवाज थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट मोठा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणून चाळीसच्या ऐवजी ऐंशी वॅटच्या सेटसाठी जास्तीचे पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोली. सेट दुकानात चांगला वाजला आणि घरी का बिघडला, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथं असतं. दुकानात चारही बाजूंना पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात, ती आवाज पितात. घरी आणल्यावर काय? खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, भिंतीला गुळगुळीत गिलावा आणि ऑइल पेंट. शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं. तिथला दगड टिकाऊ, थंड, पुसायला सोपा. मात्र आवाजाच्या बाबतीत तो आरसाच. अशा कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेल्या आवाजातले शंभरातले दोन-तीनच भाग शोषले जातात, बाकी सगळा परत फिरतो. परत फिरलेला आवाज पुढच्या शब्दावर पडतो. विजापूरच्या गोल घुमटात एकदा टाळी वाजवली की ती परत परत ऐकू येते, ते आपण सहलीला जाऊन पाहतो. आपल्या बैठकीच्या खोलीत तसंच लहान प्रमाणात चालू असतं. फक्त प्रतिध्वनी सुटे न ऐकू येता एकमेकांत मिसळतात.

हे पहिल्यांदा नीट मोजलं वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकानं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शिकवलेलं मुलांना कळत नव्हतं, कारण एक शब्द जवळजवळ साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिननं काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. आणि पहाटेच्या आत गाद्या परत. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात अशी गाद्यांपासून झाली.

आपल्याकडं गाद्यांना तोटा नाही. जुन्या माळवदाच्या घरात, मातीच्या भिंती, लाकडी तुळया, कोपऱ्यात ज्वारीची पोती आणि वळचणीला वाकळांची चळत, तिथं साधा ट्रान्झिस्टरसुद्धा स्पष्ट ऐकू यायचा. एका कुटुंबानं तोच सेट जुन्या घरातून नव्या स्लॅबच्या घरात नेला आणि ‘सेट खराब झाला’ म्हणून मेकॅनिकला बोलावलं. सेट जसा होता तसाच होता. समोरच्या भिंतीला जाड पडदा, खाली सतरंजी, मागच्या भिंतीला एक वाकळ लावली आणि फरक पडला. पाहुणे हसतात म्हणे, पण काकूंनी त्या वाकळेला रंगीत काठ लावून ती शोभेचीच करून टाकली.

मोठ्या चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचणारे वाक्यामागून थांबत थांबत का वाचतात, किंवा कीर्तनकार एक चरण म्हणून क्षणभर का थांबतो, त्यातही हेच शहाणपण असावं. मागचा शब्द विरल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. मालिकेतली पात्रं मात्र थांबत नाहीत.

वूफरकडं येऊ. आमच्याकडं तो बहुधा कोपऱ्यात जातो, कारण तिथं पायात येत नाही. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या सुरांना आणखी बळ देतात. त्यात खोलीचा स्वतःचा सूर असतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. बारा फूट लांबीच्या खोलीचा हिशोब केला तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर तिच्यात घुमतो, आणि वूफर नेमका त्याच पट्ट्यात काम करतो. मग एकच धम्म सगळ्या गाण्यांत ऐकू येतो. आणि मोठा खालचा सूर त्याच्या वरच्या बारीक सुरांना झाकून टाकतो. उलट सहसा होत नाही.

आता मराठीकडं या. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘ताठ’, ‘कडू’ आणि ‘खडू’ यांत फरक कशाचा? एका फुंकरीचा. स्वराची ताकद भरपूर असते, तो खालच्या-मधल्या पट्टीत असतो. पण स, श, त, च आणि महाप्राणाची ती फुंकर वरच्या पट्टीत असते, आणि फार हलकी असते. वूफर वाढवला की आधी तीच बुडते. उतारवयात कानाचं ऐकणंसुद्धा आधी वरच्या पट्टीतच कमी होतं. म्हणजे आजींना आवाज येतो, स्वर येतात, व्यंजनं येत नाहीत. ओट्यावर शेजारीण समोर असते, ओठ दिसतात, मध्ये धमधम नसते, म्हणून तिथं सगळं कळतं. घरच्यांनी आजींसाठी म्हणून आवाज वाढवला, तेव्हा वूफरही तेवढाच वाढला आणि त्यांचं ऐकणं आणखी अवघड झालं.

काहीजण सांगतात, “कन्नड बातम्या कळतात, मराठी मालिकाच कळत नाई.” यात भाषेचा दोष नाही. बातम्या देणारा एकटा बोलतो, त्याच्यामागं संगीत जवळपास नसतं. त्याच सेटवर मराठी बातम्या लावून बघा.

मागच्या दोन डब्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ठरलेल्या पद्धतीप्रमाणं समोरचे दोन मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे साधारण एकशेदहा अंशांवर हवेत, म्हणजे कानाच्या बाजूला, जरा मागं. आपल्या खोलीत दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि डबा डोक्यावर दीड-दोन फुटांवर. समोरचा स्पीकर त्याहून अडीच मीटर लांब धरला तर त्याचा आवाज सेकंदाच्या हजार भागांपैकी सात भाग उशिरा पोचतो. एवढा उशीर आपल्याला जाणवत नाही, पण कान मात्र आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी धरतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं हे १९४९ च्या सुमारास दाखवून दिलं. डिशवरच्या बऱ्याच कार्यक्रमांचा आवाज दोनच बाजूंचा असतो. साधा सेट त्याचीच नक्कल मागं पाठवतो, आणि पडद्यावरची सासू आपल्या मानेमागून बोलायला लागते. रिमोटवर मागच्यांचा आवाज अगदी कमी करा, किंवा मालिकेपुरते बंद ठेवा. एका तात्यांनी ते दोन डबे काढून गोठ्यात लावले आणि धार काढताना भजनं ऐकतात. म्हैस खूश आहे असं त्यांचं म्हणणं.

सेट टिकवण्याच्या दोन-चार गोष्टी अनुभवी मालक सांगतात त्या खऱ्या आहेत. लाईट जाऊन परत येते तेव्हाचा झटका वाईट, म्हणून लाईट गेली की प्लग काढून ठेवायचा. सतत ‘हं’ असा गुणगुणाट येत असेल तर अर्थिंग आणि जॅक तपासायची, पण तिसरी पिन कापायची नाही, ती जिवासाठी असते. वूफरच्या भोकाला बारीक जाळी लावायची, नाहीतर पावसाळ्यात उंदीर आत घर करतात. आणि रात्री दहानंतर बास बंद, कारण बोलणं भिंतीत अडतं, धमधम पलीकडं जाते. रात्री दहा ते सकाळी सहाच्या शांततेबद्दल २००० सालचा नियमच आहे.

दहा बाय बाराच्या खोलीसाठी कुणी मला विचारलं, तर पाच हलक्या डब्यांपेक्षा त्याच पैशात दोन चांगले, जड डबे घ्या असं मी सांगतो. आणि ज्यांच्याकडं सेट आलेलाच आहे त्यांनी वूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढावा, बास निम्म्यावर आणावा, ट्रेबल थोडं वाढवावं, आणि सेटमध्ये नाईट मोड असेल तर तो चालू करून बघावा. त्यानं मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. हे सगळं त्या आजींच्या घरी एका रविवारी केलं. त्यांना सगळंच कळायला लागलं असं नाही, पण रात्री मालिकेच्या वेळी त्या परत बाहेर येऊन बसतात, आणि सुनेला विचारायचं कमी झालंय.

दुकानात जाताना पेन ड्राईव्हवर पिक्चर नेऊ नका. एखादं प्रवचन, बातम्या किंवा कुणीतरी सावकाश वाचलेली गोष्ट न्या. दुकानदार मारामारीच लावणार. त्याला ती थांबवायला सांगा, तुमची गोष्ट लावा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला समोर बसवून विचारा, “काय म्हणाला तो?”