गल्लीतले दुकान नकाशावर नेमके कसे सापडेल? मोबाईलमधील वाय-फायचा एक न ओळखलेला उपयोग

बाजारपेठेतील व्यापारी आणि कारागीर बांधवांची एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. गिऱ्हाईक फोन करून सांगते, "मी तुमच्या दुकानापाशीच उभा आहे, नकाशा तसेच दाखवतो आहे." प्रत्यक्षात ते मागच्या गल्लीत असते. माल घेऊन निघालेला टेम्पो दोन वळणे चुकतो आणि भाड्यावरून वाद होतो. मागच्या गल्लीतही तोच माल मिळत असेल, तर वाट चुकलेले गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. म्हणजे हा प्रश्न थेट गल्ल्यात पडणाऱ्या पैशाचा आहे.

नकाशा असा का चुकतो आणि त्यावर उपाय काय, हे समजण्यास इंजिनिअर असण्याची गरज नाही.

उपग्रहाला गल्ली का दिसत नाही?

मोबाईलमधील नकाशा आपला ठावठिकाणा उपग्रहांवरून शोधतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. यातील सर्वांत परिचित यंत्रणा जीपीएस ही अमेरिकी सरकारची असून ती १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे संदेश फोनपर्यंत येण्यास किती वेळ लागला, यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर मोजतो. जागा ठरवण्यास किमान चार उपग्रह लागतात. हिशेब फार नाजूक आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

मोकळ्या मैदानात हा हिशेब काही मीटरपर्यंत अचूक येतो. मात्र मुंबईच्या भेंडी बाजारासारख्या दाट वस्तीत आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. उपग्रहाचा संदेश समोरच्या इमारतीवर आपटून मग फोनपर्यंत येतो. अंतर वाढल्यासारखे भासते आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत जाऊन बसतो. तळमजल्यावरील गाळ्यात किंवा तळघरातील गोदामात तर संदेश जेमतेम पोहोचतो.

मग वाय-फाय काय करते?

अशा वेळी नकाशा एक सूचना देतो : अचूकता वाढवण्यासाठी वाय-फाय चालू करा. अनेक जण ती दुर्लक्षित करतात. "माझ्या दुकानात वाय-फायच नाही, मग चालू करून काय उपयोग?" असे त्यांना वाटते. येथेच गैरसमज आहे. या कामासाठी कोणत्याही वाय-फायला जोडले जाण्याची गरज नाही, कोणाचा पासवर्डही लागत नाही.

आसपासच्या दुकानांत, घरांत, दवाखान्यांत बसवलेले राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले अस्तित्व जाहीर करत असतात. त्या प्रत्येकाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. आपला फोन हे क्रमांक ऐकतो, कोणाचा आवाज जवळचा आणि कोणाचा लांबचा हे पाहतो आणि ती यादी इंटरनेटवरून नकाशा कंपनीकडे पाठवतो. कोणता राऊटर कोठे आहे, याची मोठी वही कंपनीपाशी तयार असते. ती ताडून पाहून फोनला उत्तर मिळते.

डोळे बांधलेल्या माणसाला आपल्याच बाजारात सोडले, तर उजवीकडे मसाल्याचा वास आणि डावीकडे भांड्यांची ठोकठोक यांवरून तो आपण कोठे आहोत ते सांगेल. फोनही तसेच करतो. म्हणून दाट वस्ती, जी उपग्रहाला अडचणीची, तीच वाय-फायला सोयीची ठरते. जितके राऊटर जास्त, तितका अंदाज बरा. शहरात ही चूक बहुधा काही दहा मीटरांत राहते. केवळ मोबाईल टॉवरवरून काढलेला अंदाज मात्र शेकडो मीटरांनी, कधी किलोमीटरनेही चुकतो.

ही कल्पना नवी नाही. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हते. जानेवारी २००८ मध्ये त्याला ठावठिकाणा कळू लागला, तो टॉवर आणि वाय-फाय यांच्याच आधारे. ही वही सुरुवातीस गाड्या फिरवून भरली जात असे. आता रस्त्याने जाणाऱ्या लोकांचे फोनच ती भरत राहतात.

चूक कोठे होते?

वही जुनी असेल, तर उत्तरही जुनेच मिळते. एखाद्याने दुकान हलवले आणि राऊटर सोबत नेला, तर काही काळ तो राऊटर वहीत जुन्या जागीच राहतो. आसपास दुसरे राऊटर नसतील, तर नव्या दुकानात बसूनही नकाशा जुना पत्ता दाखवतो. जुन्या इमारती पाडून नवे मनोरे उभारले जात आहेत अशा भागांत हा अनुभव येऊ शकतो. दुसरी मर्यादा मजल्यांची आहे. तळमजला आणि चौथा मजला यांतील फरक या पद्धतीने नीट कळतोच असे नाही.

दुकानदाराने काय करावे?

१. ठावठिकाणा पाहताना वाय-फाय चालू ठेवावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनखाली अचूकता वाढवण्याची आणि वाय-फाय स्कॅनिंगची सोय असते, ती तपासावी.

२. निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसते. ते मोठे असेल, तर फोनला स्वतःलाच खात्री नाही असे समजावे.

३. व्हॉट्सअॅपवरून लोकेशन पाठवताना 'इतक्या मीटरपर्यंत अचूक' असा आकडा दिसतो. तो मोठा असेल, तर घाई करू नये. दारात किंवा रस्त्यावर यावे, आकडा खाली आला की मगच पाठवावे.

४. सर्वांत महत्त्वाचे : ठिपका वेगळा आणि दुकानाची खूण वेगळी. ठिपका दर वेळी नव्याने काढला जातो, पण गुगल नकाशावर दुकानाची नोंद करताना लावलेली खूण कायम राहते. आत बसून, चुकलेल्या ठिपक्यावर भरवसा ठेवून खूण लावली, तर प्रत्येक गिऱ्हाईक त्या चुकीच्या जागी जाईल. नोंद करताना उपग्रहाने टिपलेले चित्र उघडावे, आपले छप्पर ओळखावे आणि खूण बोटाने सरकवून दुकानाच्या दर्शनी बाजूवर ठेवावी. ही नोंद मोफत असते. त्यासाठी कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर ते त्याच्या मेहनतीचे, गुगलचे नव्हेत.

५. जेथे घर क्रमांक धड नाहीत, अशा वस्तीतील कारखानदारांना 'प्लस कोड' उपयोगी पडतो. नकाशावर आपल्या जागी बोट दाबून धरले की तो दिसतो. साधारण १४ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन तो दाखवतो. व्हिजिटिंग कार्डावर पत्त्याखाली छापून घ्यावा. शेजारी एखादी ओळखीची खूणही लिहावी, कारण मजला आणि जिना नकाशा सांगत नाही.

दुसरी बाजू

ज्या वहीचा आपण लाभ घेतो, तिच्यात आपल्याही राऊटरची नोंद असते. मे २०१० मध्ये गुगलने मान्य केले की, रस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून जाणारा मजकूरही गोळा केला होता. त्यावरून अनेक देशांत चौकशा झाल्या. तेव्हा दुकानातील वाय-फायला पासवर्ड असलाच पाहिजे. २०२४ साली मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅपलच्या अशाच वहीतून कोट्यवधी राऊटरांच्या जागा बाहेरच्या माणसाला काढता येतात, हे दाखवून दिले.

आपला राऊटर वहीत नको असेल, तर त्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि त्यापुढे लहान इंग्रजी लिपीत एन-ओ-एम-ए-पी ही अक्षरे जोडावीत. गुगलने २०११ पासून आणि अॅपलने २०२४ पासून ही खूण मान्य केली आहे. घरातील राऊटरसाठी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. दुकानाचे तसे नाही. दुकान सापडावे यातच आपले हित आहे, आणि बाजारातील प्रत्येक राऊटर शेजाऱ्याचे दुकान सापडण्यासही मदत करतो.

या सर्व कामास अर्धा तास पुरतो. आपल्या दुकानाची खूण आजच नकाशावर उघडून पाहावी. ती शेजारच्या गल्लीत असेल, तर आतापर्यंत किती गिऱ्हाइके तेथून परत गेली असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.