दुकानाची काच आणि भूकंप : प्रश्न नीट कसा विचारायचा?

२१ मार्च २०२४ ची सकाळ आठवते? सहा वाजून गेले होते आणि हिंगोली जिल्हा हलला. नोंद झाली ४.५ रिश्टरची. दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा धक्का. नांदेड-परभणीतही लोक घराबाहेर आले. मग १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षं ऐकताहेत.

आता समजा, कळमनुरीच्या बाजारातला एक मोबाइल दुकानदार तुम्हाला विचारतो, "तुम्ही रिसर्च करता ना? मग सांगा, या काचेला काय लावू? खर्च जास्त नको." काचेसमोर दिवसभर गिऱ्हाईक उभं असतं, शाळेतली पोरं असतात. चुकीचं उत्तर दिलं तर पैसे जातीलच, पण तो निर्धास्त होईल, हे जास्त वाईट.

पेट-सेटच्या तयारीत आपण पद्धतीच्या व्याख्या पाठ करतो. आज तीच पद्धत या काचेवर लावून बघू.

पहिली पायरी : प्रश्न छोटा करा. "काच कशी वाचवायची?" हा संशोधनाचा प्रश्न नाही, ती अडचण आहे. काच कशानं फुटते? टायरखालून उडालेल्या दगडानं, गारपिटीनं, वळवाच्या वाऱ्यानं, आतून टेकवलेल्या मालानं, भूकंपानं. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, म्हणून उपायही वेगळा. आपण भूकंप घेऊ. तोही किती मोठा? ४.५ आणि किल्लारीचा (३० सप्टेंबर १९९३) सुमारे ६.२ यांत आकड्यांचा फरक १.७ दिसतो, पण बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा फरक ढोबळमानाने ३५० पट. किल्लारीसारख्या धक्क्यात आधी भिंतीचा विचार करायचा, काचेचा नंतर. म्हणून आपला प्रश्न असा : इमारत उभी राहील अशा धक्क्यात, कमी खर्चात, काच फुटण्याची आणि माणसाला लागण्याची शक्यता कशी कमी करता येईल?

बघा, 'फुटणं' आणि 'लागणं' ही दोन वेगळी चलं झाली. पुढे याचा उपयोग आहे.

दुसरी पायरी : यंत्रणा समजून घ्या. जमीन हलली की दुकानाची चौकोनी फ्रेम तिरपी होते, पत्त्यांची पेटी बाजूनं दाबल्यासारखी. काच मात्र तिरपी होत नाही. तिच्या कडेला फट असेल तर ती आधी सरकते, मग थोडी फिरते, आणि शेवटी समोरासमोरचे कोपरे फ्रेममध्ये अडकतात. फुटणं तिथून सुरू होतं. १९६० च्या सुमारास बाऊकॅम्प यांनी खिडक्यांच्या तावदानांवर प्रयोग करून याचं साधं सूत्र दिलं :

फ्रेमची चालणारी सरक = २ × फट × (१ + उंची ÷ रुंदी)

काच १२०० मिमी उंच, ९०० मिमी रुंद, चारी बाजूंनी ५ मिमी फट. उत्तर सुमारे २३ मिमी. फट १ मिमी असेल तर पाच मिमीपेक्षाही कमी. आणि पुट्टी वाळून दगड झाली असेल तर काच सरकणारच नाही, म्हणजे फट जवळजवळ शून्यच धरा.

आता रुंदी १८०० करा, फट ५ च ठेवा. सरक १७ मिमीच्या आत येते. म्हणजे एका मोठ्या काचेऐवजी मध्ये पट्टी देऊन दोन अरुंद काचा बसवल्या तर सहनशक्ती वाढते, आणि फुटलीच तर अर्धीच बदलावी लागते.

तिसरी पायरी : पदार्थाकडे बघा. काच हिशेबापेक्षा खूपच कमी ताणाला का फुटते, याचं उत्तर ग्रिफिथ यांनी १९२१ च्या शोधनिबंधात दिलं : तिच्यावरच्या बारीक चिरांमुळे. चीर चौपट लांब झाली तर ताकद निम्मी होते. म्हणून कापलेल्या काचेची कड घासून घेणं ही शोभा नाही. कोपऱ्याला टवका उडालेली काच 'चालतंय की' म्हणून बसवू नका.

चौथी पायरी : उपाय चलांप्रमाणे लावा.

फुटणं कमी करायचं तर : वाळलेली पुट्टी काढून रबर बीडिंग, खाली रबराचे दोन तुकडे, चारी बाजूंनी सारखी फट. खर्च मुख्यतः मजुरीचा. नवीन काच घ्यायचीच असेल तर टफन. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बारीक, बोथट तुकडे होतात. पण टफन केल्यावर कापता येत नाही, म्हणून माप आणि फट आधीच ठरवा.

लागणं कमी करायचं तर : सेफ्टी फिल्म. ती काच फुटू देते, पण तुकडे धरून ठेवते.

आणि चिकटपट्टीची फुली? काच त्यानं मजबूत होत नाही. अमेरिकेत चक्रीवादळाच्या वेळी तिथलं हवामान खातंच सांगतं की टेप लावू नका. तुकडे उलट मोठे पडू शकतात.

बिनपैशाचा उपाय विसरू नका. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानं सांगितलं होतं, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. तोच न्याय दुकानात लावा : काचेला टेकवलेली शिडी, वरच्या फळीवरची जड खोकी हलवा.

शेवटची पायरी : मर्यादा लिहा. वरचं सूत्र काच मोकळी सरकते असं धरून चालतं. दुकानदाराला 'काच फुटणार नाही' असं सांगायचं नाही. 'इतकी सरक चालेल' एवढंच सांगायचं.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. स्टीलची पट्टी घेऊन तुमच्या गावातल्या वीस दुकानांत जा, मालकाची परवानगी घ्या आणि पाच गोष्टी नोंदवा : उंची, रुंदी, फट, पुट्टी की रबर, कडेला टवका आहे की नाही. सूत्रात टाका. सगळ्यात कमी सरक ज्या दुकानाची येईल, त्याच्याकडे परत जाऊन ते सांगा.