ठराव आणि वकीलपत्र

वकिलांच्या संस्था भारतात दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांतला फरक ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या शब्दाचे वजन कळत नाही. बार कौन्सिल ही १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने निर्माण केलेली वैधानिक संस्था असून सनद देणे आणि गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे ही तिची मुख्य कामे होत. बार असोसिएशन, म्हणजे वकील संघ, मात्र ऐच्छिक असतो, आणि बार रूम व ग्रंथालय सांभाळणे, बदलून जाणाऱ्या न्यायाधीशाला निरोप देणे, सदस्य वारल्यास शोकसभा भरवणे एवढ्यातच त्याचे बहुतेक आयुष्य जाते. अशा घरगुती स्वरूपाच्या संघाला कायद्याच्या राज्याविषयी, म्हणजे राज्यकर्त्यालाही कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकता येऊ नये या तत्त्वाविषयी, जाहीरपणे बोलण्याची वेळ क्वचितच येते, आणि आली तर बहुधा इतरांची तोंडे बंद झालेली असतात.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाल्यानंतर मुंबईत तसेच घडले. पाचांहून अधिक माणसांनी एकत्र येण्यावर पोलिसांनी निर्बंध घातलेले असताना, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर जिना हॉलमध्ये सभा योजली, आणि वक्ते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला व भारताचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांना बोलावले. विलिंग्डन या गव्हर्नराच्या गौरवाला १९१८ साली जिनांनी केलेल्या विरोधाची आठवण म्हणून लोकवर्गणीतून उभारलेली ही वास्तू, आणि छागला हे उमेदीच्या काळात जिनांच्याच हाताखाली वकिली केलेले. पण या योगायोगाचे पोलीस आयुक्तांना काही वाटण्याचे कारण नव्हते. चार भिंतींच्या आत, वकिलांनी वकिलांसाठी भरवायच्या या सभेला परवानगी नाकारली गेली. त्यावर निषेधाचा ठराव करून घरी जाण्याऐवजी एन. पी. नथवाणी प्रभृती आयोजकांनी उच्च न्यायालयात रिट अर्ज दाखल केला, आणि न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने बंदी अवैध ठरवताना आणीबाणीतही सरकारवर शांततामय टीका करण्याचा अधिकार नागरिकाला उरतो असे मानले.

वकिलांच्या संघटनेचे खरे बळ या कृतीत दिसते. लेखक, प्राध्यापक किंवा कामगार यांनाही निषेध करता येतो, परंतु निषेधाचे दाव्यात रूपांतर करून सत्तेला लेखी उत्तर द्यायला भाग पाडण्याची विद्या वकिलांच्या हाती असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष राम जेठमलानी यांच्यावर केरळातील एका भाषणावरून अटक वॉरंट निघाले, तेव्हा नानी पालखीवाला यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीनशे वकील त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात हजर राहिले आणि वॉरंटला स्थगिती मिळाली. या बळाला मर्यादाही होत्या. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून अटकेचे कारण दाखवा असे सरकारला सांगणारा अर्ज, आणीबाणीत चालणारच नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी दिला, न्या. एच. आर. खन्ना तेवढे वेगळे राहिले, आणि जेठमलानींनी देश सोडला. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी मुंबईत ज्यांचा पराभव केला ते कायदामंत्री एच. आर. गोखले हेही एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती होते.

या कामगिरीचा अभिमान बाळगताना एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. आणीबाणीत वकील ज्यांच्यासाठी उभे राहिले ते त्यांच्याच वर्तुळातले, प्रतिष्ठित लोक होते. समाजाला ज्याचा तिटकारा आहे त्याच्यासाठी उभे राहणे निराळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर शहरातील वकिलांच्या एका संघटनेने जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर अजमल कसाब याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केला. संताप समजण्याजोगा होता, परंतु अटक झालेल्या व्यक्तीला पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे, आणि वकिलाला त्याच्या पक्षकाराशी किंवा पक्षकाराच्या हेतूशी एकरूप मानू नये, असे संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हवाना येथील परिषदेत स्वीकारलेली तत्त्वे सांगतात. कोइंबतूरच्या वकिलांनी पोलिसांवरील खटल्यात केलेल्या अशाच ठरावासंबंधी डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सारे ठराव घटनाबाह्य आणि वकिलीच्या परंपरेला काळिमा फासणारे असल्याचा निर्वाळा दिला.

कसाबला शेवटी न्यायालयाने वकील नेमून दिला. त्याच खटल्यात हल्ल्याच्या जागांचे नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीयही होते. त्यांतील एकाचे वकील शाहिद आझमी यांनी असा मुद्दा मांडला, की मारल्या गेलेल्या दहशतवाद्याची पँट रक्ताने माखलेली असताना तिच्या खिशात सापडल्याचा दावा असलेल्या नकाशाच्या कागदावर रक्ताचा डाग नाही. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात आझमींची गोळ्या घालून हत्या झाली. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा कसाबला फाशी सुनावणाऱ्या विशेष न्यायालयाने नकाशाचा पुरावा विश्वासार्ह न मानता त्या दोघांना निर्दोष सोडले, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली.