संगणकाच्या पोटात (भाग ११) : फुकटचा पंखा आणि नागभीडचा मे

विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, रात्रभर घरघरणारा पत्र्याचा डबा. या आठवड्यातला कूलर तळहातावर मावतो. प्रोसेसरच्या खोक्यातच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत. त्यालाच स्टॉक कूलर म्हणतात. गेल्या भागात ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरचा वेग मुद्दाम वाढवणं, पाहिलं. आता प्रश्न असा, की वाढवलेला वेग या फुकटच्या पंख्याला झेपेल का?

यूट्यूबवरचं उत्तर बहुधा ‘थोडाफार झेपेल’ असं असतं. ते एसीच्या खोलीतलं उत्तर आहे.

कूलर गारवा तयार करत नाही, चिपमधली उष्णता फक्त हवेत टाकतो. म्हणून चिपचं तापमान म्हणजे पंख्याशी पोचलेली हवा अधिक कूलरच्या ताकदीप्रमाणे चढणारे काही अंश. समजा, ६५ वॉटला हा चढ ४५ अंश आहे. खोली २६ अंशांवर, कॅबिनेटच्या आत त्याहून पाचेक जास्त, म्हणजे चिप ७६ वर. झकास! आता तोच संगणक मे महिन्यातल्या दुपारी नागभीडच्या ३८ अंशांच्या खोलीत ठेवा. वेग तोच, पंखा तोच, चिप ८८ वर.

वेग १० टक्के वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि खरी मेख तिथे आहे. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२ व्होल्टचे १.३५ केले की ६५ वॉटचे ९० होतात. चढ ४५ वरून ६२ वर जातो. एसीच्या खोलीत ९३, नागभीडला १०५. उदाहरणार्थ, रायझन ५ ३६०० या प्रोसेसरची मर्यादा आहे ९५ अंश. चिप जळत नाही, स्वतःच वेग उतरवते. एवढा खटाटोप करून हाती काय, तर धापा टाकणारा संगणक.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. एएमडीने रायझन ७ २७००एक्सचे १०५ वॉट ठरवताना पंख्याशी येणारी हवा ४२ अंश धरली होती. वरच्या हिशेबात आपली ४३ झाली, तीही वेगाला हात न लावता. शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ ओलांडतो, हे तर आपण दरवर्षी बातम्यांत बघतोच. इंटेलने २०१५ पासून ओव्हरक्लॉकिंगसाठीच्या आय-५ आणि आय-७ ‘के’ प्रोसेसरसोबत कूलर देणंच बंद केलं. यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणतं हवं?

खिडकीतला मोठा कूलर लावला तर? कोरड्या मे महिन्यात खोली सात-आठ अंश उतरते, तेवढीच चिपही उतरते. मात्र कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका, ताट्यांतून उडणारे पाण्याचे थेंब बोर्डावर जातात. आणि पावसाळी दमट हवेत हा उपाय चालत नाही.

काही करण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. घर राईस मिलच्या वाऱ्याच्या बाजूला असेल, तर हीटसिंकच्या पात्यांत कोंड्याचा करडा थर हमखास सापडेल. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो मोकळा भिरभिरला की बेअरिंग खराब होतं. इंटेलचा जुना कूलर असेल, तर त्याच्या चार प्लास्टिक खुंट्या बोर्डाच्या मागून पाहा. एखादी अर्धवट बसलेली असली, की कूलर एका अंगाला उचलला जातो आणि वेग न वाढवताही चिप नव्वदीला टेकते.

एवढं करूनही वेगाची हौस असेल, तर तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. स्टॉक कूलरवरच भागवायचं असेल, तर व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडं उतरवून पाहा. बऱ्याच चिप त्याच वेगात पाच-सहा अंश थंड चालतात. निदान नवतपा सरेपर्यंत तरी ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : थर्मल पेस्ट किती लावायची?)