साक्षात्कारानंतरचं वर्ष

देवाधर्मात बुडालेली माणसं मनानं कमकुवत असतात, की मनानं कमकुवत माणसंच देवाधर्मात बुडतात? मानसिक आरोग्यावर अधूनमधून लिहितो म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा तयारच असतं. नास्तिकाला श्रद्धा हाच आजार वाटतो, आस्तिकाला तेच औषध. अशा वेळी मी मार्शा लिनेहान या बाईंची हकीकत सांगतो.

मार्शाबाईंचा जन्म १९४३ सालचा, अमेरिकेतल्या टल्सा शहरातला. घर कॅथलिक. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. मुलगी स्वतःला इजा करून घ्यायची. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. औषधं झाली, विजेचे झटके झाले, एकटीला कोंडून ठेवणं झालं. २६ महिन्यांनी त्या बाहेर पडल्या त्या बऱ्या होऊन नव्हेच. मात्र आत असतानाच त्यांनी देवाला शब्द दिला होता, की या नरकातून सुटले तर इतरांना सोडवायला परत येईन.

पुढे त्या शिकागोत शिकत होत्या. १९६७ मध्ये एका रात्री, छोट्याशा प्रार्थनागृहात क्रूसासमोर गुडघे टेकले असताना, सारी जागा सोन्यासारखी उजळल्याचा अनुभव त्यांना आला. स्वतःवर आपलं प्रेम आहे, असं त्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या. आपल्याकडे याला साक्षात्कार म्हणतात. मला त्यापेक्षा पुढचं वर्ष महत्त्वाचं वाटतं. साधारण वर्षभरानं एक प्रेमसंबंध तुटला आणि ती जुनी उद्ध्वस्त करणारी भावना पुन्हा आली. पण या वेळी त्यांनी स्वतःला इजा केली नाही. वेदना गेली नव्हती, वेदनेशी वागणं बदललं होतं.

आपला आजार ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकाराचा होता, असं त्या नंतर म्हणाल्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात हे नाव १९८० साली आलं. भावना क्षणात उसळतात, जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती पाठ सोडत नाही, नाती आज डोक्यावर तर उद्या पायदळी. असे रुग्ण डॉक्टरांना नकोसे व्हायचे. मार्शाबाई सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नेमके तेच रुग्ण घेऊन बसल्या. नुसतं ‘बदल’ म्हटलं की रुग्णाला वाटे, सगळा दोष माझाच. नुसतं समजून घेतलं की गाडी जागची हलेना. म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र केलं: आहे ते पूर्णपणे स्वीकारायचं आणि तरी बदलायचं. स्वीकार शिकायला ही कॅथलिक बाई कॅलिफोर्नियातल्या झेन मठात जाऊन राहिली, पुढे जर्मनीत विलिगिस येगर या बेनेडिक्टाइन साधूकडे झेन शिकली. परत आल्यावर मात्र त्यांनी त्यातली धर्माची भाषा काढून टाकली, म्हणजे नास्तिकालाही ते करता यावं. हीच ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तुलनात्मक चाचणीत ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातले दिवस, दोन्ही कमी भरले.

श्रद्धा आणि विकार यांतली सीमा त्या निदानग्रंथानंही सांभाळली आहे. नीतिनियमांबाबतचा अतिरेकी काटेकोरपणा तो एका विकाराचं लक्षण मानतो, पण त्या माणसाच्या धर्मातून वा संस्कृतीतून आलेला काटेकोरपणा वगळून. आजी सोवळं पाळते म्हणून ती रुग्ण नव्हे. तिला स्वतःलाच दिवसाचे तास धुण्यापुसण्यातून सोडवता येईनासे झाले, घास घशाखाली उतरेना, तर मात्र तिला तज्ज्ञाकडे न्यावं. तिच्या देवाशी भांडू नये.

उलटंही खरं आहे. हातावर व्रण घेऊन फिरणारी मुलगी घरात असताना नवससायासांत महिने घालवणारे आईबाप मला पत्रं लिहितात. त्यांना मी एवढंच कळवतो की नवस असू द्या, पण डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या. आणि त्या मुलीच्या उपासाला हसणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा. तिच्या हाताशी असलेला एकमेव आधार तो काढून घेतोय.

मार्शाबाईंच्या दंडावरचे व्रण पाहून त्यांच्या एका रुग्ण बाईनं विचारलं होतं, तुम्ही आमच्यातल्याच का? त्याचं जाहीर उत्तर त्यांनी २०११ मध्ये दिलं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयात.