लेसरनंतरची कडक लेन्स

अमेरिकेत १९९५ साली चष्म्याचा नंबर लेसरने काढायला सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा कडक कॉन्टॅक्ट लेन्स आता मागे पडणार असं वाटू लागलं होतं. झालं उलटंच. लेसर ज्यांच्या डोळ्यांना मानवला नाही, त्यांच्या मदतीला हीच लेन्स आली.

एक्सायमर लेसर ऊती न भाजता त्यांचे सूक्ष्म थर काढतो, हे मूळ भारतीय असलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये १९८१ साली पाहिलं. त्यातून असंख्य लोकांचा चष्मा सुटला. पण सुरुवातीला बुबुळाचा (कॉर्नियाचा) लेसरने कोरलेला भाग लहान असे. रात्री बाहुली त्याहून मोठी झाली की दिव्यांभोवती वलयं दिसत. काहींचं बुबुळ पातळ होऊन पुढे फुगू लागलं. १९९८ साली नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर यांनी अशा रुग्णांची नोंद केली. सगळ्यांत जास्त कुचंबणा व्हायची ती नजर तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्यांची. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यांना दुहेरी-तिहेरी दिसत, आणि उत्तर मिळे, ‘नजर सहा बाय सहा आहे, काळजी नको.’ हे उत्तर रुग्णावर अन्याय करणारं होतं.

बुबुळ ओबडधोबड झालं की चष्मा फारसा कामाचा नसतो. मऊ लेन्सही बुबुळाचाच आकार घेते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्याखाली साचलेले अश्रू खाचखळगे भरून काढतात. अश्रूंचा वक्रीभवनांक १.३३६ आणि बुबुळाचा १.३७६, म्हणजे जवळजवळ सारखा. म्हणून प्रकाशाला तो ओबडधोबडपणा फारसा जाणवतच नाही. १८८८ साली झुरिकच्या आडोल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोरही वेडंवाकडं बुबुळच होतं.

लेसरने मध्यभाग सपाट झालेल्या बुबुळावर नेहमीची कडक लेन्स डगमगते. त्यासाठी मध्ये सपाट आणि कडेला जास्त वळलेल्या लेन्स आल्या. दुसरा पर्याय लेसरच्या मान्यतेआधीपासूनच होता: १९८३मध्ये पर्थच्या डॉन इझिकेल यांनी हवा खेळू देणाऱ्या प्लास्टिकच्या स्क्लेरल लेन्सची माहिती प्रसिद्ध केली. ही मोठी लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळाला शिवत नाही. घालताना तोंड जमिनीकडे करून, सलाइनने काठोकाठ भरलेली लेन्स खालून वर डोळ्याला लावायची. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरायची. हे जिकिरीचं आहे, खर्चिकही आहे.

तरीही लेसरनंतर दिसण्यात खोट राहिली असेल, तर ‘नंबर शून्य आहे’ एवढ्यावर परत फिरू नका. बुबुळाचा नकाशा म्हणजे टोपोग्राफी करून घ्या, आणि कडक लेन्स एकदा डोळ्यावर लावून पाहू द्या, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.